येतो

कोर्टाच्या कंपाउंडबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर
अठरा वर्षं मी बसतो.
अर्ज लिहितो. मराठीत सांगा, कन्नडात उतरवतो.
कन्नडात सांगा, कन्नडातच उतरवतो.
मराठीतला कागद खिडकीतून परत येतो
हे बेळगावात आता कुणाला सांगावं लागत नाही.

परवा सभागृहात परिसंवाद होता.
स्त्री म्हणजे कोण, पुरुष म्हणजे कोण, ठरवायचं कुणी.
वरच्या ओळीत कुठली भाषा, यावरून
कापडी फलक आधी दोनदा उतरवला,
मग व्याख्येला सुरुवात झाली.

डॉक्टर म्हणाले, शरीर खोटं बोलत नाही.
एक वकील पोरगी म्हणाली, शरीराला विचारलंय कुणी?
तुम्ही जन्मदाखल्याला विचारताय.
मग हिंडलग्याच्या पी.टी.च्या बाई उठल्या,
हळू आवाजात म्हणाल्या,
माझ्या पोरी चारशे मीटर पळतात,
त्यांना मी काय सांगू, तेवढं सांगा.
कुणी सांगितलं नाही.
टाळ्या तिघांनाही पडल्या,
तिन्ही वेळा मीही वाजवल्या
आणि घरी पोचेपर्यंत मला कसंतरीच होत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यातलेच एक, पुण्याचे,
भाषणाच्या प्रती काढायला पायरीशी आले.
म्हटलं, बसा. झेरॉक्सवाला जेवायला गेलाय,
एवढा अर्ज संपवतो, मग मीच मशीन लावतो.
ते हसले.
बाई, संपवते म्हणा. लावते म्हणा.
माझ्या बांगड्यांकडे बघत, अगदी मायेनं.

काय सांगणार.
आमची आई न्हाणीतून ओरडायची, आलो गं, आलो.
मावशीला सहा पोरं झाली,
दर कळेला म्हणायची, मरतो आता, बाई, मरतो.
सुईणीनं तिला थांबवून
क्रियापद दुरुस्त केल्याचं ऐकलेलं नाही.

अर्ज निलव्वाचा होता.
वडगावात यंत्रमागावर रात्रपाळी.
दाखल्यावर गुरुसिद्धाप्पा, सोसायटीच्या पासबुकात गुरुसिद्धाप्पा,
म्हणून बोनस अडकलेला, तीन वर्षांचा.
नावाचा रकाना भरला. पुढचा आला. लिंग.
दोन्ही भाषांत हाच शब्द,
एवढ्या एका शब्दावर कुणी डांबर फासलेलं नाही.
तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत तेच,
देवळात तेच, व्याकरणात तेच,
आणि फॉर्मवर एक चौकोन, नखाएवढा.

ती कन्नडात बोलत होती.
ना बर्तीनि. ना नेय्तीनि.
येणाऱ्याला, विणणाऱ्याला तिथं
बाई की बाप्या, सांगावं लागत नाही.
पण पाठ वळली की त्याच भाषेत
अंवा की आकी, गल्ली वाटून घेते,
आणि कुणी दगडासारखं फेकतं, अदु.

काय लिहू, विचारलं.
तिनंच विचारलं, तुझ्यावर काय लिहिलंय?
स्त्री.
कोण बघून लिहिलं?
म्हटलं, सुईण असेल, एकोणसत्तर साली.
तिला विचार मग, म्हणाली,
आणि दोघी इतक्या हसलो
की पुण्याचे घड्याळ बघायचे थांबले.

मला पी.टी.च्या बाई आठवल्या.
शाळेत पळायचीस का गं?
पळायचो की, आता मराठीत म्हणाली,
पोरांपासून. रोज. मधल्या सुट्टीत.

तिनं सांगितलं ते लिहिलं.
खिडकीनं पाऊण तासात परत दिलं,
एक प्रत कमी, एक सही कुणाची तरी.
बुधवारी पाळी नसते, तेव्हा बर्तीनि, म्हणाली.
येतो, मीही म्हटलं,
जाणार कुठंच नव्हतो तरी. सवय.

पुण्याचे अजून उभे.
चाळीस प्रती, वीस पानं.
मशीन तापू दिलं.
पाठपोट काढू का, साहेब, विचारलं,
की तुमचं एकाच बाजूनं?